न बोलावलेल्या पाहुण्यांचा पुलाव

४ सप्टेंबर, समरकंद

आपण एखाद्या लग्नात आहेर म्हणून दिलेली वस्तू काही वर्षांनी वेगळ्याच घरातून, वेगळ्याच वेष्टनात, वेगळ्याच माणसाच्या नावाने आपल्याच हाती परत येते, हे वाचकाने पाहिले असेलच. कोडे असे की ती आपलीच आहे हे ओळखायचे कसे? (दैनंदिनीला वाचक नसतो, असे माझी पत्नी मावजुदा म्हणते. परंतु स्पष्टीकरणाला श्रोता लागतोच; म्हणून मी तो गृहीत धरला आहे.)

काल शेजारच्या लग्नात माझ्या खांद्यावर मानाचा झगा चढवण्यात आला. निळा, काठाला सोनेरी भरतकाम. घरी आल्यावर मावजुदाने तो हातात घेतला आणि म्हणाली, "हा आपलाच."

मी क्रमाने तपासले. खोका वेगळा, दुकान वेगळे, देणारे कुटुंब वेगळे, साल तर वेगळेच. चारही मुद्दे तिच्या विरोधात गेल्याचे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे झग्याची बाही उलटी केली.

"अस्तर कमी पडलं होतं म्हणून मी उशीच्या अभ्र्याचा तुकडा लावला होता. ही बघा फुलं."

"पण देणारे—"

"अहो, देणाऱ्याचं नाव खोक्यावर असतं. झग्याला कुठे नाव असतं?"

तिच्या युक्तिवादात पद्धत नव्हती. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला. असे कधीकधी होते.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमच्या कंपनीपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. लग्नाच्या हॉलना लागणारी प्रणाली आम्ही बनवतो: पाहुणे किती, टेबले किती, पुलावाच्या कढया किती. ताश्कंदचा पुलाव वेगळा, आमचा वेगळा. त्यावरून वाद होऊन दोन वर्षांपूर्वी एका प्रणालीच्या दोन शाखा झाल्या. इथल्या शाखेचे काम मी पाहतो, तिथल्या शाखेचे मुनिराखान या बाई. प्रत्येक सुधारणेची यंत्रात एक नोंद होते आणि त्या नोंदीचा यंत्र एक ठसा बनवते. मौज अशी की ठसा केवळ सुधारणेचा नसतो. ती कोणी केली, केव्हा केली, कोणत्या नोंदीनंतर केली, हे सारे त्यात मिसळलेले असते. म्हणून माझी सुधारणा कोणी उचलून ताश्कंदच्या शाखेत जशीच्या तशी लावली, तरी तिचा ठसा बदलतो. यंत्राच्या दृष्टीने त्या दोन सुधारणा. म्हणजे झगा तोच, खोका नवा.

आज आमचे संचालक एर्गाश-अका (अका म्हणजे दादा; बायकांना ओपा, म्हणजे ताई) यांनी जाहीर केले की दोन्ही शाखा पुन्हा जोडायच्या आणि जोडलेल्या प्रणालीवर एकच प्रमुख नेमायचा: मी किंवा मुनिराखान.

"ज्याचं अस्सल काम जास्त, त्याची खुर्ची," अका म्हणाले. "आपल्याकडे वशिला चालत नाही."

ही खुर्ची माझ्या विद्येला न्याय देणारी आहे, असे मला गेली दोन वर्षे वाटत आले आहे. मी उभा राहिलो आणि अस्सल कोणते, दुबार कोणते हे निवडणारी चाळणी स्वतः बनवून देण्याची तयारी दाखवली. अकांनी छातीवर हात ठेवून मान लववली. पडद्यावर ताश्कंदहून मुनिराखान दिसत होत्या. त्यांना ठसका लागला होता.

९ सप्टेंबर

चाळणीची वाट न पाहता अकांनी दोन्ही शाखा एकमेकींत ओतून पाहण्याची आज्ञा दिली. परिणाम शैक्षणिक दृष्ट्या अत्यंत उद्बोधक ठरला.

आपल्या लग्नांत बोलावलेल्यांइतकेच न बोलावलेलेही येतात. त्यांच्यासाठी पुलाव चौथाईने वाढवावा, ही सुधारणा माझी. तीच ताश्कंदच्या शाखेतही होती, पण निराळ्या पानावर. एकाच ओळीवर दोन निराळे हात पडले असते तर यंत्राने तक्रार केली असती. निराळ्या पानांवरील दोन सुधारणा मात्र ते मुकाट्याने दोन्ही ठेवते. काल एका हॉलवर चौथाई वाढली आणि त्या वाढलेल्यावर पुन्हा चौथाई वाढली.

आचाऱ्याने मला फोन केला. "ओलिमजान-अका, तुमच्या यंत्राला पाहुणे दिसतायत तरी किती? मला इथे नुसत्या खुर्च्या दिसतायत."

मी त्याला दोन शाखांची संकल्पना मुळापासून सांगितली.

"ते असू दे," तो म्हणाला. "ताटं पाठवा."

उरलेला पुलाव साऱ्या मोहल्ल्यात वाटला. आमच्या घरीही एक मोठे ताट आले.

१६ सप्टेंबर

दुसरी चाचणी तयार झाली. (पहिली म्हणजे मूळ ठसे ताडून पाहणे; ती निरुपयोगी हे वर सिद्ध झालेच आहे.) हिची कल्पना देखणी आहे. नोंदीतून करणाऱ्याचे नाव काढा, तारीख काढा, मधल्या मोकळ्या जागाही काढा. उरलेल्या निव्वळ बदलाचा नवा ठसा घ्या. दोन्हीकडचे ठसे जुळले की दुबार. खोका फेकायचा आणि झगा तोलायचा.

पुष्कळ जोड्या सापडल्या. परंतु न बोलावलेल्या पाहुण्यांची सुधारणा, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती जाळ्यातून निसटली. दोन्हीकडचे ठसे जुळेनात. मी अस्वस्थ होऊन जेवायला बसलो.

तेवढ्यात शेजारीण ताट परत द्यायला आली. मावजुदाने तिच्याकडे पुलावाचे ताट पाठवले होते, ते अक्रोड आणि हलवा घेऊन परत आले होते.

"रिकामं कसं देणार, मावजुदा-ओपा?" ती म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. कारण हेच तर! आमच्या लोकांना कोणाचे ताट रिकामे परत करवत नाही. दुसऱ्याची सुधारणा उचलली की जो तो तिच्यात आपला चमचाभर हलवा घालतो: कोणी एखाद्या चलाचे नाव बदलतो, कोणी एक टीप लिहितो, कोणी ती उचलून दुसऱ्या पानावर ठेवतो. सभ्यतेपोटी केलेल्या त्या चमचाभराने ठसा बदलतो. अन्य देशांत ही अडचण इतकी तीव्र नसावी.

नोंदी पुन्हा वाचल्या. दोन्ही शहरांच्या मध्ये ये-जा करणारे एकच गृहस्थ आहेत, ते म्हणजे एर्गाश-अका. वडीलधाऱ्यांच्या हाताला बरकत असते, म्हणून एका शहरातली चांगली सुधारणा दुसऱ्या शहरात नेऊन ती आपल्या हाताने नोंदवण्याची प्रथा त्यांनीच घातली. प्रत्येक वेळी ते वर एक ओळ घालतात: "पाहिले. बरकत असो." म्हणूनच दोन्ही शाखांतील कामाच्या तक्त्यावर त्यांचे नाव सर्वांत वर असते. यात मला कधी काही वावगे दिसले नाही. भाकरी मोडण्याचा मान वडीलधाऱ्यांचा. ती भाजलीही त्यांनीच पाहिजे असे कुठे आहे?

१९ सप्टेंबर

मुनिराखान यांचा फोन.

"ओलिमजान-अका, तुमची चाळणी कुठवर आली?"

"दुसऱ्या चाचणीपर्यंत. पण ती अपुरी आहे."

"मग तिथेच थांबा."

"अपुरी असताना?"

"अपुरी आहे म्हणूनच. फार बारीक चाळणीत काय काय वर राहतं, ठाऊक आहे ना?"

मी त्यांना समजावले की चाळणी हे केवळ रूपक असून प्रत्यक्षात भोकांच्या आकाराचा संबंध येत नाही. ठसा कसा बनतो तेही पहिल्यापासून सांगितले. त्या अधूनमधून नुसते 'हं' म्हणत होत्या. बहुधा लिहून घेत असाव्यात.

शेवटी म्हणाल्या, "तुमच्या न बोलावलेल्या पाहुण्यांना ताश्कंदला कोणी आणलं, ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही? चाचणीला नमुना मिळाला असता."

"मला घर चालवायचंय, अका."

स्पर्धेत आपण मागे पडत असल्याची जाणीव माणसाला अशी तुटक करते. मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटली.

२५ सप्टेंबर

तिसरी चाचणी! हिचा मला खरा अभिमान आहे, कारण ती रूपाकडे पाहतच नाही.

संशयित नोंद घ्यावी आणि पुसून न टाकता नुसती बाजूला ठेवावी. तिच्याविना दोन्ही शाखा जोडाव्यात. मग होऊन गेलेल्या लग्नांचे आकडे घालून पाहावे: कढया बरोबर येतात का, टेबले बरोबर येतात का, न बोलावलेल्यांचा वाटा उरतो का? एवढे विचारावे की, काही उणे पडले का? उणे पडले तर ती नोंद अस्सल. नाही पडले, तर ते काम दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेले आहे. मग तिच्यावर हलवा घातलेला असो की अक्रोड.

अर्थात जोडीतली कोणतीही एक नोंद काढली तरी दुसरी काम भागवते. म्हणून दोहोंपैकी नंतरची बाजूला ठेवायची, हा नियम. आज माझ्या आणि मुनिराखान यांच्या नोंदी चाळून झाल्या. दोघांच्याही जवळजवळ साऱ्या अस्सल ठरल्या. माझ्या किंचित अधिक आहेत. खुर्चीचा निर्णय माझ्या बाजूने लागण्याच्या मार्गावर आहे, हे लिहिताना मी शक्य तितका तटस्थ आहे.

उद्या उरलेली नावे.

२६ सप्टेंबर

उरलेले नाव एकच होते. मी यंत्र तपासले, चाचणी पुन्हा चालवली, मग आकडे उलट्या क्रमाने घालून पाहिले. एर्गाश-अकांच्या नोंदी एकेक करून बाजूला ठेवल्या, नंतर सगळ्या एकदम. काही उणे पडले नाही. उलट पुलाव प्रथमच बरोबर आला.

इतका निर्मळ निकाल संशोधकाला आयुष्यात क्वचितच मिळतो.

१ ऑक्टोबर

उद्या बैठक. बैठकीत पडद्यावर दाखवायची माझी सरकचित्रे मावजुदाने पाहिली आणि चहाचा प्याला खाली ठेवला.

"अकांची ओळ काढा."

"नमुन्यातून सोयीनुसार नोंदी वगळणे शास्त्राला धरून नाही."

"शास्त्र जेवायला वाढणार आहे का पोरांना?" मग ती माझ्याजवळ येऊन बसली. "अहो, तो झगा परत आला तेव्हा मी काय केलं? शेजारणीच्या दारात जाऊन ओरडले का, की बाई, हा माझाच? घडी घातली, नवा खोका आणला आणि गेल्या शुक्रवारी अकांच्या पुतणीच्या लग्नात दिला."

"मावजुदा, दुबार नोंदी पसरतात त्या नेमक्या याच मार्गाने."

"संसार पण याच मार्गाने चालतात," ती म्हणाली आणि दिवा न मालवताच उठून गेली. तिच्या मनात बैठकीची धास्ती आहे. यश समोर आले की कुटुंबीय घाबरतात.

२ ऑक्टोबर

बैठक उत्तम झाली.

मुनिराखान खास ताश्कंदहून आल्या होत्या. मी झग्याच्या दृष्टांताने सुरुवात केली, मग ठसा, मग ताट, मग तिसरी चाचणी. कोणालाही शंका राहू नये म्हणून प्रत्येक पायरी दोनदा सांगितली. प्रथम आम्हा दोघांचे निकाल दाखवले. त्यानंतर पूर्णतेसाठी एर्गाश-अकांचा रकाना. दुबार काम वजा जाता त्यात काय उरते ते मी मोठ्याने वाचून दाखवले: "पाहिले. बरकत असो. पाहिले. बरकत असो." ही ओळ जितक्या वेळा आली होती तितक्या वेळा वाचली, कारण निम्मा निकाल सांगणे म्हणजे निकाल लपवणे.

इतक्या एकाग्रतेने माझे व्याख्यान कधी कोणी ऐकले नव्हते. मुनिराखान प्याल्यातला चहा ढवळत होत्या. प्याल्यात साखर नव्हती.

शेवटी अका म्हणाले, "ओलिमजान, तुझ्यासारखा माणूस इथे वाया जातोय रे."

मी मान लववली.

"वाळवंटापलीकडे नुकूसला आपलं कार्यालय नाही. किती दिवस मनात आहे माझ्या. पण एकट्यानं पेलणारा गडी पाहिजे."

"एकट्यानं?" मुनिराखान यांनी विचारले.

"गर्दीत याच्या बुद्धीला त्रास होतो," अका म्हणाले. "खुर्चीवर तूर्त तू बस, मुनिरा. आणि ती चाळणी दुसऱ्या चाचणीपर्यंतच ठेवू. तिसरी फार खोल आहे. आपल्या लोकांना झेपायची नाही."

एक संपूर्ण कार्यालय शून्यातून उभे करायचे! त्यापुढे एका खुर्चीचा प्रश्न गौण ठरतो, हे माझ्या तत्काळ ध्यानात आले. बाहेर पडताना मुनिराखान माझ्याशी दोन शब्द बोलल्या. नुकतीच नवी खुर्ची मिळालेल्या माणसाच्या मानाने त्यांचा चेहरा फार उतरलेला होता.

"अका, मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं."

"थांबलो असतो तर आज नुकूस मिळालं असतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ते मात्र खरं."

१० ऑक्टोबर

निरोपसमारंभ. एर्गाश-अकांनी स्वहस्ते माझ्या खांद्यावर मानाचा झगा चढवला. "खास तुझ्यासाठी शिवून घेतला," म्हणाले. निळा, काठाला सोनेरी भरतकाम.

मी तिथेच बाही उलटी करून पाहिली. उशीच्या अभ्र्यावरची फुले!

आनंद अनावर होऊन मी ती सर्वांना दाखवणार, तोच मावजुदाने माझे मनगट असे धरले की ते अजून दुखत आहे. पडताळणीची एवढी सुरेख संधी वाया गेली. मुलांच्या शाळेमुळे ती इथेच राहणार आहे. सामान बांधताना झग्याची घडी तिने पुन्हा पुन्हा घातली, आणि खोका आणायला गेली नाही.

६ नोव्हेंबर, नुकूस

कार्यालय म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि आटलेल्या समुद्राकडून येणारा खारट वारा. यंत्राच्या कळांवर सकाळी मीठ बसलेले असते. एकाही हॉलने अद्याप आमची प्रणाली घेतलेली नाही, त्यामुळे दुबार नोंदींचे प्रमाण शून्य आहे. थंडीत मी तो झगा अंगावर घेऊन काम करतो. त्याला कोणाचेही नाव नाही, पण तो चांगला उबदार आहे.

दुपारी मुनिराखान यांचा फोन आला. त्यांच्या कार्यालयात बऱ्याच लोकांचा आवाज येत होता. तो ऐकून मला क्षणभर उगीचच कसेसे झाले, वाऱ्यामुळे असेल.

"ऐका, एर्गाश-अका जवळजवळ महिनाभर आरोग्यधामात होते," त्या म्हणाल्या.

"अरेरे. तब्येत?"

"झकास. मी त्यासाठी फोन नाही केला. ते नव्हते तेव्हा इथे काय काय बदललं, ते सांगायला केला."

"काय बदललं?"

काही ऐकू आले नाही.

"हॅलो? काय बदललं, मुनिराखान?"

"सांगितलं की."

तारांमध्ये दोष असावा. मी पुन्हा विचारले नाही. मग त्यांनी सांगितले की काल एका हॉलवर पुलाव पुन्हा भलताच जास्त झाला, कारण न बोलावलेल्या पाहुण्यांची दुसरी नोंद अजून आतच आहे.

"काढून टाका ना. प्रमुख तुम्ही आहात."

"तिच्यावर 'बरकत असो' लिहिलंय, अका. हात कोण लावणार? आणि खरं सांगू, सगळा मोहल्ला दोन दिवस जेवला. लोक दुवा देतायत."

"कोणाला?"

"नोंदीवर नाव ज्याचं, त्याला."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की संभाषणाच्या पूर्वार्धात नवी माहिती काहीच नव्हती. कोणी महिनाभर नव्हते आणि त्या काळात काही घडले नाही, हे कळवण्यासाठी एवढ्या दूर फोन कशाला करावा? मुनिराखान यांच्या विचारात पूर्वीसारखी शिस्त राहिलेली नाही.

वेळ मोकळा असल्यामुळे, जिज्ञासू वाचकाला यंत्राशिवायही करता येईल अशी ती तिसरी चाचणी येथे नीट लिहून ठेवतो. आपल्या कार्यालयातली, सर्वांत मोठे नाव असलेली नोंद निवडा. ती पुसू नका, तिच्याविषयी मत बनवू नका. नुसती बाजूला ठेवा. रोजचे काम रोजच्यासारखे चालू द्या. मग संध्याकाळी सर्वांनी चहा घेतल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: काही उणे पडले का?

उत्तर कोणाला मोठ्याने सांगू नये, असे मावजुदा म्हणते. परंतु ती चाचणीची पायरी नव्हे.